बरगड्यांच्या दुखण्यासाठी हीटिंग पॅड: शेकून झाल्यावर खरं काम सुरू होतं

आधी निकाल सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. पॅड घ्या, पाचपैकी चार स्टार. पण दुखणं घालवणारं मशीन म्हणून घेणार असाल तर घेऊ नका, ते काम हा पॅड करत नाही आणि करूही शकत नाही. पंधरा-वीस मिनिटं शेकलं की बरगड्यांभोवतीचे आखडलेले स्नायू जरा सैल पडतात, आणि ते सैल आहेत तेवढ्या वेळात तुम्ही पूर्ण श्वास घेऊन छाती हलवलीत तर फायदा दिवसभर पुरतो, नाहीतर नुसतं गरम वाटतं आणि तासाभरात परत जैसे थे. मला जे सांगायचंय ते एवढंच आहे, बाकी सगळं तपशीलात.

मला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस आहे, म्हणजे मणक्याच्या आणि आसपासच्या सांध्यांना वर्षानुवर्षं सूज आणणारा संधिवात, पुढे नुसतं एएस लिहिते. बरीच वर्षं झाली. एएस म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर कंबर येते, पाठ येते, आणि ते बरोबरच आहे, पण बरगड्या दुखणं काय असतं ते ज्याच्या दुखतात त्यालाच कळतं. शिंक येतेय असं वाटलं की आधी उशी छातीशी घट्ट धरायची. जांभई अर्ध्यावर सोडून द्यायची. झोपेत कूस बदलताना पाठीच्या मणक्यापासून पुढे छातीच्या हाडापर्यंत अशी कळ जाते की खाडकन जाग येते. गाडीत सीटबेल्ट नको वाटतो, कुणी प्रेमाने मिठी मारायला आलं तरी आपण आधीच अंग चोरतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे या सांध्यांना आराम देता येत नाही हो, हात दुखला तर हात गळ्यात बांधून ठेवता येतो पण श्वास कसा बंद ठेवणार, मोठा माणूस शांत बसलेला असताना मिनिटाला साधारण बारा ते वीस श्वास घेतो म्हणजे दिवसाला वीस हजारांच्या आसपास वेळा हे सुजलेले सांधे हलतातच.

हे लिहायचं कारण असं की या पॅडखाली जेवढे रिव्ह्यू वाचले ते जवळपास सगळे कंबरेत उसण भरलेल्यांचे, दोन दिवस शेकलं, बरं वाटलं, थँक्यू. छान आहे, पण आमचं दुखणं तसं नसतं. रोगच आतून सूज तयार करतोय, आज आहे उद्या कमी आहे परवा दुप्पट आहे, आणि वर्षानुवर्षं आहे. एएस असो, सोरायसिसचा संधिवात असो, क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्यांना सूज आणणाऱ्या आजारांबरोबर येणारा संधिवात असो, बरगड्या धरण्याची गोष्ट या सगळ्यांत होते. त्या लोकांसाठी हा रिव्ह्यू.

बरगड्या का दुखतात हे थोडं समजून घेतलं की पॅड कुठे ठेवायचा हे आपोआप कळतं म्हणून सांगते. बरगड्यांच्या बारा जोड्या. मागच्या बाजूला बहुतेक प्रत्येक बरगडी मणक्याला दोन जागी जोडलेली असते, एकदा मणक्याच्या मुख्य भागाला आणि एकदा मणक्याच्या बाजूला आलेल्या हाडाला. पुढे वरच्या सात जोड्या कुर्चेमार्फत थेट छातीच्या मधल्या हाडाला लागतात, त्याखालच्या तीन वरच्या कुर्चेला जोडलेल्या, आणि शेवटच्या दोन पुढून मोकळ्याच. म्हणजे किती सांधे झाले बघा. आमच्या आजारात सूज सांध्यात तर येतेच पण जिथे लिगामेंट (हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा) किंवा स्नायूचा दोर हाडात शिरतो नेमक्या त्या जागीही येते, डॉक्टर त्याला एन्थेसायटिस म्हणतात, आणि छातीच्या पिंजऱ्यात अशा जागा ठासून भरलेल्या आहेत. त्यामुळे काहींना पुढे छातीच्या हाडाच्या कडेला बोट लावलं तरी दुखतं, काहींना मागे दोन खांद्यांच्या पात्यांमध्ये दुखतं, आणि मागच्या सांध्यातली कळ बरगडीच्या वाटेने फिरून पुढे जाणवते, म्हणजे दुखतंय पुढे आणि मूळ मागे. मी पॅड आता जवळपास नेहमी मागेच लावते, दुखत पुढे असलं तरी.

आता शेक नक्की करतो काय. बाहेरून दिलेली उष्णता कातडीखाली साधारण एखाद सेंटिमीटरपर्यंतच नीट पोचते. मणक्याजवळचे बरगड्यांचे सांधे त्याहून खोल, वरून पाठीच्या जाड स्नायूंचे थर. म्हणजे सुजलेल्या सांध्यापर्यंत हा पॅड फारसा पोचतच नाही. मग बरं का वाटतं? कारण सांधा दुखतो म्हणून त्याच्या आजूबाजूचे आणि दोन बरगड्यांमधले स्नायू त्याला सांभाळायला सतत आवळून बसलेले असतात, आणि दिवसाच्या शेवटी अर्धं दुखणं त्या आवळून बसलेल्या स्नायूंचंच असतं. उष्णतेने तिथला रक्तपुरवठा वाढतो, स्नायू ढिले होतात, कळ मेंदूपर्यंत जायची धार कमी होते. सूज आहे तिथेच असते. हे एकदा डोक्यात बसलं ना की पॅडकडून नको त्या अपेक्षा राहत नाहीत आणि पॅड एकदम कामाचा वाटायला लागतो.

वस्तूबद्दल. लांबट साईज आहे, साधारण ३० बाय ६० सेंटिमीटर, आणि बरगड्यांसाठी हीच साईज पाहिजे, कारण आडवा ठेवला तर दोन्ही पात्यांखालून एका बगलेपासून दुसऱ्या बगलेपर्यंत पोचतो आणि उभा ठेवला तर मानेच्या मुळापासून कंबरेच्या वरपर्यंत मणक्याच्या दोन्ही बाजू शेकतात. छोटा चौकोनी पॅड गुडघ्याला ठीक, छातीला अजिबात पुरत नाही. वजनाला हलका आहे आणि ही गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडली कारण दुखऱ्या बरगडीवर वजन सहन होत नाही. वरचं कापड मऊ आहे, कव्हर काढून धुता येतं, धुण्याआधी वायर सुटी करता येते. रिमोटवर वेगवेगळे लेव्हल आहेत, मी खालून दुसऱ्यावर ठेवते, अगदी कडकडून थंडी असेल तर एक वर. सगळ्यात वरची लेव्हल मी वापरत नाही आणि तुम्हीही वापरू नका, कारण पुढे लिहिलंय. ठरावीक वेळाने आपोआप बंद होतो, ही सोय नसलेला पॅड कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका, हे मी हात जोडून सांगते.

आवडलं नाही ते पट्ट्यांचं. दोन बांधायचे पट्टे दिलेत ते कंबरेच्या हिशोबाने. छातीवर बांधले तर बक्कल बरोब्बर बरगडीवर येऊन रुततं, आणि बायकांना तर पुढून बांधायची जागाच धड मिळत नाही. शिवाय बांधलं की श्वास दबतो, मग शेक कशाला घेतोय तेच राहतं बाजूला. मी पट्टे काढून ठेवलेत. पाठ टेकायची उंच खुर्ची, पॅड पाठीमागे सोडलेला, बस. पॅडवर आडवं झोपून शेकणं टाळते कारण अंगाखाली दाबला गेला की उष्णता कोंडते आणि भाजायचा धोका वाढतो, कंपनीच्या पुस्तिकेतही पॅडवर झोपू नका असंच लिहिलंय. रिमोटची वायर जरा आखूड आहे, भिंतीतल्या सॉकेटपासून खुर्ची लांब असेल तर अवघड होतं.

आता मुख्य गोष्ट, वापरायचं कसं. आमच्या आजाराची खूण म्हणजे आराम केला की वाढतं आणि हालचाल केली की कमी होतं, रात्रीच्या दुसऱ्या अर्ध्यात दुखून जाग येते, सकाळी उठल्यावर अर्धा तास, तास, कधी त्याहून जास्त वेळ सगळं अंग ताठलेलं असतं. त्यामुळे माझा पहिला शेक सकाळी. उठून बसायचं, पॅड पाठीमागे, पंधरा ते वीस मिनिटं. त्या वेळात छातीला हात लावायचा नाही, जोरात ताणायचं नाही, नुसतं हळूहळू नाकाने श्वास. मग पॅड बंद करून लगेच, अगदी लगेच, पुढची दहा मिनिटं श्वासाची. दोन्ही तळवे बरगड्यांच्या खालच्या कडेला बाजूने ठेवायचे आणि नाकाने असा श्वास घ्यायचा की हात बाहेरच्या बाजूला ढकलले जातील, खांदे वर उचलायचे नाहीत, वर दोन-तीन सेकंद थांबायचं आणि तोंडाने सावकाश सोडायचा. चार-पाच झाले की जरा थांबायचं नाहीतर गरगरतं. मग एक हात डोक्यावरून दुसऱ्या बाजूला नेत कुशीतून वाकायचं आणि त्या ताणलेल्या बाजूत श्वास भरायचा, दोन्हीकडे. मग खुर्चीत बसूनच हात छातीवर घडी घालून धड डावीकडे उजवीकडे वळवायचं. शेवटी दाराच्या चौकटीत दोन्ही कोपरं टेकवून छाती पुढे, हे मला फिजिओथेरपिस्टनी शिकवलं आणि छातीचं पुढचं आखडणं यानेच सुटतं. दुखण्याच्या अलीकडे थांबायचं, थोडा ताण चालतो, सणक आली की मागे यायचं. ज्यांचा मणका आधीच बराच जुळून कडक झालाय किंवा हाडं ठिसूळ आहेत त्यांनी वळण्याचे आणि वाकण्याचे प्रकार स्वतःच्या मनाने करू नयेत, आधी फिजिओथेरपिस्टना दाखवून घ्या.

शेकाशिवाय हेच व्यायाम मी करून बघितलेत, होतात, पण श्वास अर्ध्यावर अडतो आणि मन घाबरून मागे फिरतं. शेकून केले की तोच श्वास जरा पुढे जातो. आणि व्यायामाशिवाय नुसता शेक पण बराच काळ घेतलाय. संध्याकाळपर्यंत फरक शून्य. म्हणून म्हणते की पॅड म्हणजे नुसतं दार उघडून देणारा माणूस आहे, आत चालत आपल्यालाच जायचंय.

पूर्ण श्वास घेणं इतकं महत्त्वाचं का, तर दुखतंय म्हणून आपण वरवर श्वास घ्यायला लागतो, छाती कमी हलते, न हललेला पिंजरा आणखी आखडतो, मग पुढचा श्वास आणखी लहान. एएसमध्ये सूज बरीच वर्षं राहिली तर हे सांधे कायमचे कडक होऊ शकतात. डॉक्टर टेपने छाती मोजतात ती याच्यासाठी, पूर्ण श्वास सोडल्यावर एक माप आणि पूर्ण घेतल्यावर एक, दोन्हीतला फरक. निरोगी तरुण माणसात तो साधारण पाच सेंटिमीटर किंवा जास्त असतो, अडीचच्या खाली आला तर छातीचं फुलणं कमी झालंय असं धरतात. वय, बांधा यानुसार फरक पडतो त्यामुळे आकड्याला घाबरू नका, पण घरी महिन्यातून एकदा एकाच जागी, छातीच्या मध्यावर साधारण स्तनाग्रांच्या रेषेत, शिंप्याच्या टेपने मोजून लिहून ठेवा. दुखणं रोज वेगळं बोलतं, टेप तेवढा स्थिर असतो, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर ‘छातीत आखडतंय’ एवढंच सांगण्यापेक्षा वही उघडून दाखवता येते.

रात्रीचं. झोपायच्या आधी दुसरा शेक घेते, बसूनच, आणि मग पॅड प्लगमधून काढून बाजूला. अंथरुणात घेऊन झोपायचा मोह फार होतो हे मला माहितीये, पहाटे तीनला कळ आली की काहीही करावंसं वाटतं, पण झोपेत कातडीला भान नसतं. ४४ अंश सेल्सिअस ऐकायला काही फार वाटत नाही, हाताला नुसतं छान ऊबदार लागतं, पण तेवढ्यावर काही तास कातडी एकाच जागी राहिली तर ती भाजते. आणि न भाजताही एक प्रकार होतो, रोज रोज एकाच जागी जास्त शेक घेतला की तिथे जाळीसारखे लालसर-तपकिरी डाग उमटतात, एरिथिमा अब इग्ने म्हणतात त्याला. लवकर लक्षात आलं आणि शेक थांबवला तर सहसा हळूहळू फिके पडतात, तसंच चालू ठेवलं तर कायमचे राहू शकतात. म्हणूनच वरची लेव्हल नको, मध्ये पातळ कपडा पाहिजे, आणि आठवड्यातून एकदा घरच्या कुणालातरी पाठ बघायला सांगा कारण आपली पाठ आपल्याला दिसत नाही. रात्री मी पॅडऐवजी उशा वापरते, कुशीवर झोपून एक उशी छातीशी कवटाळायची म्हणजे वरचा हात बरगड्यांवर लोंबत नाही आणि कूस बदलताना ती उशी तशीच धरून सगळं अंग एकत्र वळवायचं. फार मोठा फरक पडतो.

आणखी एक, दुखणं कमी करायचं जेल, डायक्लोफेनॅकचं वगैरे, लावलं असेल तर त्यावर पॅड नाही. मिरचीतल्या कॅप्सेसिनचं क्रीम असेल तर अजिबातच नाही. उष्णतेने औषध कातडीतून जास्त शिरतं आणि आग होते ती वेगळीच. ज्यांना फेंटानिल या फार जोरदार वेदनाशामकाची पट्टी लावलेली असते त्यांना तर हे खरंच जिवावर बेतू शकतं. ज्यांना डायबेटिसमुळे कातडीची जाणीव कमी झालीये त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पॅड वापरू नये, गरम किती झालं ते कळतच नाही.

बाकी वस्तूंशी तुलना करा म्हणाल तर, गरम पाण्याची रबरी पिशवी माझ्याकडे आहेच, उष्णता चांगली देते पण पाण्याचं वजन बरगडीवर सोसत नाही, आणि गार होत जाते. मायक्रोवेव्हमध्ये तापवायची धान्य भरलेली पिशवी अंगाला छान बसते, पण तापते कधी कमी कधी जास्त, मध्येच एखादी जागा चटका देते. चिकटवायचे गरम पॅच मात्र मला प्रवासात फार उपयोगी पडले, त्यात लोखंडाची बारीक भुकटी असते, पाकीट फोडलं की हवेतल्या ऑक्सिजनशी तिचा संयोग होऊन ऊब तयार होते आणि काही तास टिकते, पातळ असतात त्यामुळे कपड्याखाली कळतही नाहीत. पण तेही झोपताना नाही आणि वापरून झाले की फेकून द्यायचे, रोजच्यासाठी नाही परवडत आणि कचराही होतो. सकाळचा गरम पाण्याचा शॉवर पाठीवर घेणं हे पॅडच्या तोडीस तोड आहे, खरं तर ज्यांना सकाळी वेळ नाही त्यांनी पॅड घेण्याआधी तेच करून बघा, शॉवरखालीच श्वासाचे व्यायाम. तीन बॉलवालं श्वासाचं यंत्र पण आहे माझ्याकडे, बॉल वर चढताना दिसतो म्हणून नेटाने करावंसं वाटतं, कंटाळा येणाऱ्यांनी जरूर घ्या.

आणि एक वस्तू अजिबात घेऊ नका, बरगड्यांना बांधायचा रुंद इलॅस्टिकचा पट्टा. दुकानात पहिल्यांदा तोच दाखवतात. बांधला की लगेच बरं वाटतं कारण छाती हलायचीच थांबते, आणि तेच तर नकोय आपल्याला. श्वास उथळ झाला की फुफ्फुसाचा खालचा भाग नीट फुलत नाही, कफ साचतो. बरगडी मोडलेल्यांनाही आता असे घट्ट पट्टे सहसा देत नाहीत ते याचमुळे. आमच्यासारख्यांना ज्यांची छाती आधीच आखडत चाललीये त्यांनी ती आणखी बांधून ठेवायची? खोकला-शिंकेच्या वेळी उशी दाबून धरणं वेगळं, ते दोन सेकंदांचं असतं.

पॅड कधी चालत नाही तेही सांगायला हवं. फ्लेअर, म्हणजे आजार अचानक उसळतो तो काळ, जोरात असतो तेव्हा शेकाने काहीही होत नाही, कधी कधी उलट ठणकतं. पुढच्या बाजूला, छातीच्या हाडाजवळ, हाताला सूज लागत असेल, जागा गरम वाटत असेल तर तिथे मी शेक देत नाही, कापडात गुंडाळलेला थंड पॅक दहा-एक मिनिटं जास्त बरा वाटतो. तिथे सांधा कातडीच्या अगदी जवळ आहे, मागच्यासारखे स्नायूंचे थर नाहीत. आणि असे फ्लेअर वरचेवर यायला लागले की ते पॅडचं अपयश समजू नका, औषध बदलायची वेळ आलीये का हे ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरांना, विचारायची ती वेळ असते. आमच्या आजारात सूज कमी करणाऱ्या वेदनाशामक गोळ्या हा पहिला उपचार, त्या दुखेल तेव्हा एखादी अशा घेऊन त्यांचा अंदाज येत नाही, डॉक्टर सांगतील त्या डोसमध्ये काही आठवडे नियमित घेतल्यावरच कळतं. पोटाचा, किडनीचा, हृदयाचा त्रास असेल किंवा क्रोन्स-कोलायटिस असेल तर त्या गोळ्या स्वतःच्या मनाने मुळीच नकोत. त्याने भागलं नाही तर बायोलॉजिक इंजेक्शनं आहेत, शरीरात सूज वाढवणारी ठरावीक प्रथिनं अडवणारी, म्हणजे टीएनएफ रोखणारी, आयएल-१७ रोखणारी, त्यातली कुठली कुणाला हे डॉक्टर ठरवतात, उदाहरणार्थ क्रोन्स असलेल्यांना आयएल-१७वाली सहसा टाळतात. माझ्या बरगड्यांना खरा उतार पडला तो औषध नीट बसल्यावर, पॅडने नाही. पण औषध लागू पडायच्या आधीचे जे आठवडे असतात ना ते काढायला, आणि नंतर राहिलेलं आखडणं सोडवायला पॅड लागतोच.

एक गोष्ट मोठ्याने सांगायचीये. छातीत दुखतंय म्हणजे माझं नेहमीचंच असं आम्ही लोक फार पटकन म्हणतो. वर्षानुवर्षं छाती दुखायची सवय झाली की धोक्याची घंटा ऐकू येत नाही. छातीवर दाब आल्यासारखं, दुखणं हातात, जबड्यात किंवा पाठीत पसरतंय, घाम फुटलाय, धाप लागतेय, मळमळतंय, चक्कर येतेय, यातलं काहीही असेल तर पॅड बाजूला ठेवून लगेच इमर्जन्सीला जा. अचानक धाप आणि श्वास घेताना एका बाजूला टोचणं, त्यात एका पायाला सूज असेल तर फुफ्फुसात रक्ताची गुठळी असू शकते. बरेच दिवस स्टेरॉइड घेतलेल्यांची हाडं ठिसूळ होतात, नुसत्या जोराच्या खोकल्याने बरगडीला तडा जाऊ शकतो, तेव्हा खोकल्यानंतर एकाच बिंदूवर नवं दुखणं सुरू झालं तर दाखवून घ्या. साध्या पडण्यानंतर पाठ नव्याने दुखायला लागली तरी तसंच, कडक झालेला मणका किरकोळ धक्क्यानेही मोडू शकतो. बरगडीचं दुखणं बोटाने दाबून सापडतं, वळल्यावर वाढतं, हे खरं आहे, पण तेवढ्यावरून हृदय ठीक आहे असं घरी बसून ठरवू नका. ईसीजी नॉर्मल निघाला आणि घरी पाठवलं तर त्यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही, दहा वेळा जावं लागलं तरी जा.

बायकांना जरा जास्तच सांगते, कारण आपल्यात या आजाराचं निदान पुरुषांपेक्षा उशिरा होतं. दुखणं मानेत, पाठीच्या वरच्या भागात, छातीत असतं आणि मग टेन्शन आहे, ॲसिडिटी आहे, पोश्चर सुधारा असं म्हणत वर्षं जातात. तीन महिन्यांच्या वर पाठ किंवा छाती दुखतेय, सकाळी ताठलेली असते, हिंडल्या-फिरल्यावर मोकळी होते आणि हे चाळिशीच्या आधी सुरू झालंय, एवढं जुळत असेल तर पॅड मागवायच्या आधी ऱ्हुमॅटॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट घ्या. आणि जे सिगरेट ओढतात त्यांना एवढंच, एएसमध्ये सिगरेटने मणक्याचं नुकसान वाढतं आणि इकडे छाती फुलत नाहीये, कृपा करून सोडा.

चौथा स्टार दिला आणि पाचवा का नाही, तर पट्टे आणि सर्व्हिस. पॅडच्या टोकाला जिथे वायर जोडली जाते तिथली पिन काही महिन्यांत सैल झाली, मध्येच बंद पडायचा. कंपनीचं नाव लिहीत नाहीये. वॉरंटी होती, पण कस्टमर केअरला फोटो पाठवा, व्हिडिओ पाठवा, परत फोटो पाठवा असं बरंच चाललं, शेवटी नवा रिमोट-वायर पाठवला आणि तेव्हापासून नीट चालू आहे. दुखणाऱ्या माणसाला इतकं पळवू नये असं मनापासून वाटतं, ही वस्तू घेणारे बहुतेक लोक आधीच थकलेले असतात.

घेणाऱ्यांसाठी शेवटचं, खोक्यातून काढल्यावर घडी घालून कपाटात कोंबू नका, सैल गुंडाळी करून ठेवा, सारखी एकाच जागी घडी पडली की आतली तार तुटते आणि तिथे एक जागा जास्त तापायला लागते. तसं झालं, किंवा वायरचं प्लास्टिक तडकलेलं दिसलं, तर दुरुस्त करत बसू नका, दुसरा घ्या. आणि मागवताना लांबीचा आकडा बघून मागवा, फोटोत सगळे मोठेच दिसतात.